घरी घ्यावयाचे जोखमीचे औषध



गोदावरीच्या काठी शहागड हे माझे आजोळ. छत्रपती संभाजीनगरहून बीडकडे जाणारा रस्ता तेथे नदी ओलांडतो. गावात माझे मामा राहतात. शेतकरी माणूस, वय सत्तरीच्या घरात. दोन वर्षांमागे त्यांची पाठ दुखू लागली. जन्मभर ओझी उचललेल्या माणसाची पाठ दुखली तर त्यात नवल ते काय, असे सगळ्यांना वाटले. लेप झाले, शेक झाला, दुकानातून आणलेल्या गोळ्याही झाल्या. पुढे थकवा आला, रक्त कमी झाले, तेव्हा तपासण्या केल्या आणि रोगाचे नाव कळले : मल्टिपल मायलोमा.

हाडांच्या आत जी मज्जा असते तेथे रक्त तयार होते. तेथल्या प्लाझ्मा नावाच्या पेशी बेसुमार वाढू लागल्या म्हणजे हा कर्करोग होतो. हाडे ठिसूळ होतात, रक्त घटते, मूत्रपिंडांना इजा पोहोचते. रोग समूळ जाणे कठीण. पण औषधाने तो पुष्कळदा वर्षानुवर्षे आटोक्यात राहतो. आणि यातली काही औषधे आता घरीच, तोंडाने घ्यावयाची असतात. सोय मोठी झाली. पण दवाखान्यात जी काळजी परिचारिका घेत असे, ती आता घरच्यांना घ्यावी लागते. मी डॉक्टर नव्हे, महाविद्यालयात शिकवणारा माणूस आहे. तेव्हा डॉक्टरांनी आम्हांला जे समजावले आणि आमच्या घरच्या चुकीने जे शिकवले, तेवढेच सांगणार आहे.

मामांना लेनालिडोमाइडच्या कॅप्सूल दिल्या होत्या. त्या घशाखाली उतरेनात. धाकट्या सुनेने, मायेपोटीच, कॅप्सूल फोडून आतली भुकटी मधात कालवली आणि मामांना चाटवली. आठ दिवस हेच चालले. तिला त्या वेळी दिवस गेलेले होते. मामीखेरीज घरात ते कोणाला ठाऊक नव्हते. मी सुट्टीत गेलो आणि खोके सहज हाती घेतले. वर इंग्रजीत इशारा छापलेला : गर्भवतीने या औषधापासून दूर राहावे. मी तो मोठ्याने वाचला आणि मामीच्या हातातले भांडे खाली पडले.

त्याच दिवशी डॉक्टरांना फोन केला, सुनेला तपासणीला नेले. पुढचे सहा महिने त्या घराने कसे काढले ते सांगवत नाही. बाळ सुखरूप जन्मले. पण माझ्या मनात एक गोष्ट राहून गेली. इशारा मामांना नीट दिलेला होता. तो ऐकायला सून मात्र तेथे नव्हती. औषध घेणारा एक आणि देणारा दुसरा असला, तर देणाऱ्यालाही सारे कळले पाहिजे.

एवढी धास्ती का, त्यालाही इतिहास आहे. १९५७ साली पश्चिम जर्मनीत थॅलिडोमाइड नावाचे झोपेचे औषध विक्रीस आले. गर्भवतींना मळमळीवरही ते दिले गेले. जगभर हजारो मुले अपुऱ्या हातापायांची जन्मली. १९६१च्या अखेरीस जर्मनीत ते बंद झाले. पुढे १९६४च्या सुमारास जेरुसलेमला ते कुष्ठरोगातील एका दुखण्यावर गुणकारी ठरले, आणि १९९९ साली मायलोमावर त्याचा उपयोग होतो असे प्रसिद्ध झाले. लेनालिडोमाइड हे त्याच घराण्यातले. उपकारक खरे, पण रक्ताचे नाते विसरू नये.

म्हणून काही पथ्ये. कॅप्सूल फोडू नये, चावू नये. पाण्याबरोबर सबंध गिळावी. गिळता येत नसेल तर डॉक्टरांना सांगावे, स्वतः युक्ती काढू नये. गर्भवतीने ती हाताळूच नये. भुकटी अंगाला लागली तर साबणपाण्याने धुवावे. हे औषध घेणाऱ्या पुरुषाने निरोध वापरावा. मूल होण्याच्या वयातील स्त्रीने तर डॉक्टरांच्या तपासणीवाचून ते सुरूच करू नये. औषध चालू असताना आणि थांबल्यावरही किमान ४ आठवडे रक्तदान करू नये. उरलेल्या कॅप्सूल शेजाऱ्याला देऊ नयेत. दवाखान्यात परत कराव्यात.

दुसरे पथ्य दिवसांचे. लेनालिडोमाइड पुष्कळांना २१ दिवस घ्यावयास आणि ७ दिवस थांबावयास सांगतात. ते रिकामे ७ दिवस म्हणजे चूक नव्हे. त्यात रक्त सावरते. जोडीला डेक्सामेथासोन देतात, ते बहुधा आठवड्यातून एकदाच, सकाळी खाऊन. ते चुकून रोज घेतले तर घात होईल. उपवासाचा वार सोडून वार ठरवावा, आणि मधुमेह असेल तर साखर तपासावी. दुधाचा हिशेब आपण भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर लिहितो, तसाच गोळीचाही लिहावा. घेतली की खूण करावी. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नयेत.

तिसरे, धोक्याच्या खुणा. ताप १००.४ अंशांवर गेला, एक पाय सुजून दुखू लागला, छातीत कळ आली, दम लागला, रक्तस्राव झाला किंवा अंगावर पुरळ उठले, तर सकाळची वाट पाहू नये. या औषधाने रक्ताच्या गाठी होऊ शकतात व पांढऱ्या पेशी घटू शकतात. आणि पाठ दुखते म्हणून दुकानातून वेदनाशामक गोळी आणू नये. या रोगात ती मूत्रपिंडाला बाधते. झाडपाल्याचे औषधही डॉक्टरांना विचारूनच घ्यावे.

शेवटी शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. गावात इंग्रजी खोके वाचू शकणारे पुष्कळदा आपणच असता. कोणाच्या घरी असे औषध आले, तर दहा मिनिटे जाऊन त्यावरचा मजकूर घरातल्या सगळ्यांना, विशेषतः स्वयंपाकघरात असणाऱ्यांना, मराठीत सांगा. आमच्या घरी ते दहा मिनिटांचे काम आठ दिवस उशिरा झाले. मामा आता दिनदर्शिकेवर स्वतः खूण करतात, आणि नातवाला त्या खोक्याजवळ फिरकू देत नाहीत.