पारख होण्यापूर्वींचें शास्त्र



२०२० सालचा गणेशोत्सव रत्नागिरीकरांना सहजासहजीं विसरतां यावयाचा नाहीं. चतुर्थी २२ ऑगस्टला होती. करोनाच्या भयामुळें वाडीवाडींत एकच प्रश्न होता : मुंबईहून येणाऱ्या आपल्याच चाकरमान्याला घरांत घ्यावें, कीं शाळेंत वेगळें ठेवावें?

अशा वेळीं, जुलैअखेर, मुंबईंतून एक आंकडा आला. महानगरपालिका, नीति आयोग आणि टाटा मूलभूत संशोधन संस्था यांनीं तीन प्रभागांत सुमारें सात हजार लोकांचें रक्त तपासलें होतें. झोपडपट्टींत शेंकडा ५७, तर इतर वस्तींत शेंकडा १६ जणांच्या रक्तांत प्रतिपिंडें आढळलीं. ‘निम्मी मुंबई आजारी आहे’ असा अर्थ काढणें सोपें होतें. ‘होऊन गेलें, आतां भय नाहीं’ असा काढणेंही तितकेंच सोपें होतें. वस्तुतः दोन्ही चूक. प्रतिपिंडें हा होऊन गेलेल्या संसर्गाचा माग होय; माणूस आज रोग पसरवील काय, हें त्यावरून ठरत नाहीं.

असा उघडा आंकडा आला म्हणजे त्याचा हिशेब कोठें पाहावा? येथें ‘प्रीप्रिंट’ या रीतीचें महत्त्व आहे. शास्त्रज्ञाचा निबंध नियतकालिकाकडे गेला, कीं त्या विषयाचे जाणकार तो पारखतात. त्यांत महिने जातात. ही पारख होण्यापूर्वींच निबंध सर्वांना विनामूल्य खुला करणें म्हणजे प्रीप्रिंट. पदार्थविज्ञानांत संगणकाच्या द्वारें ही रीत १९९१ पासून रूढ झाली. वैद्यकासाठीं ‘मेडआर्काइव्ह’ हें भांडार २०१९ मध्यें उघडलें.

मुंबईचा निबंधही कांहीं आठवड्यांत तेथें आला. त्यांत झोपडपट्टीचा आंकडा ५४.१ होता, आणि चांचणी कांहीं बाधितांना ओळखीत नाहीं हें हिशेबांत धरल्यास तो ५८.४ पर्यंत जाई. रक्त तेंच, आंकडे तीन! नमुने कसे निवडले, चांचणीची मर्यादा काय, हें आतां कोणासही पाहतां आलें. पारखलेला निबंध ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्यें आला तेव्हां दिवाळी आली होती.

तथापि या रीतीची दुसरी बाजूही आहे. त्याच वर्षीं जानेवारीअखेर दिल्लीच्या कांहीं संशोधकांनीं, करोनाच्या विषाणूंत एड्सच्या विषाणूशीं जुळणारे अंश असल्याचें एका प्रीप्रिंटांत लिहिलें. शास्त्रज्ञांनीं तत्काळ दोष दाखविले व तो निबंध दोन-तीन दिवसांत मागें घेतला गेला. निबंध मागें घेतां आला. अफवा मात्र घेतां आली नाहीं.

आढींत घातलेला हापूस खोटा नसतो. पण तो पिकला म्हणून कोणी विकूं नये, आणि गिऱ्हाइकानेंही चांचपल्यावांचून घेऊं नये. प्रीप्रिंटाचें असेंच आहे. यापुढें कोणताही आंकडा कानीं पडेल तेव्हां दोन प्रश्न अवश्य विचारा : मूळ निबंध कोठें वाचावयास मिळतो? आणि त्याची पारख झाली आहे काय? ओटीपुढें उभ्या असलेल्या आपल्या माणसाविषयीं निर्णय करावयाचा असतो, तेव्हां इतका विचार कोणालाही जड वाटूं नये.