परक्या चुलीचें ऋण
(ज्युबिली सोहळ्यानिमित्त भरलेल्या सभेंत केलेलें भाषण)



ज्युबिलीचें वर्ष आलें म्हणजे दूर देशाहून आलेल्या मिशनऱ्यांची आठवण निघते. त्यांच्या तसबिरींना हार पडतात, त्यांच्या सेवेचा गौरव होतो. हें सर्व यथायोग्यच आहे. परंतु त्या गौरवांत एक साधा प्रश्न बहुधा राहून जातो. परक्या मुलुखांत पाय ठेवल्यावर पहिल्या रात्रीं हीं माणसें कोठें निजलीं? त्यांना जेवूं कोणीं घातलें? आजारांत त्यांच्या उशाशीं कोण बसलें? या प्रश्नाविषयीं आज चार शब्द बोलावे असें आम्हीं योजिलें आहे.

उदाहरणासाठीं आम्हीं निवडलेले मिशनरी आपल्या मंडळींतले नव्हेत. ते अमेरिकेंतील मॉर्मन पंथाचे आहेत. त्यांचीं मतें आपलीं नव्हेत, आणि त्यांचें खंडनमंडन करण्याची ही जागाही नव्हे. त्यांच्याकडे वळण्याचें कारण इतकेंच कीं, त्या लोकांना रोजनिशी लिहिण्याची संवय मोठी. मिशनऱ्यानें काय खाल्लें, कोणाच्या घरीं पाठ टेकली, असल्या बारीकसारीक गोष्टी त्यांच्या कागदांत सांपडतात.

हा पंथ जोसेफ स्मिथ यांनीं १८३० सालीं न्यूयॉर्क राज्यांत स्थापन केला. त्याचें मुख्य ठाणें आज यूटा राज्यांतील सॉल्ट लेक सिटी येथें आहे. या पंथाचे तरुण मुलगे दोन वर्षें आणि मुली दीड वर्ष मिशनवर जातात. पगार नाहीं, खर्चाचा भार स्वतः किंवा कुटुंबानें सोसावयाचा. कोणत्या देशीं जावयाचें हें स्वतः ठरवितां येत नाहीं. मुख्य ठाण्याकडून आज्ञा येते. परकी भाषा लागणार असेल तर कांहीं आठवडे शाळेंत बसवून ती शिकवितात. नंतर एके दिवशीं, ज्यानें घरीं स्वतःचा सदराही कधीं धुतला नसेल असें एकोणीस वर्षांचें पोर एक पेटी घेऊन अनोळखी शहरांत उतरतें.

तेथील नित्यक्रम घड्याळाला बांधलेला. सकाळीं साडेसहा वाजतां उठणें, प्रार्थना, व्यायाम, न्याहारी. मग एक तास एकट्यानें अभ्यास आणि एक तास जोडीदारासह अभ्यास. दहा वाजतां बाहेर पडणें. रात्रीं नऊ-साडेनऊला परत येणें आणि साडेदहाला दिवा मालविणें, असा क्रम पुष्कळ वर्षें रूढ होता. २०१७ पासून स्थानिक चालीरीतींप्रमाणें त्यांत थोडी मोकळीक देण्यांत आली. जोडीदारही वरूनच नेमून दिलेला असतो, आणि त्याला सोडून एकट्यानें कोठें जावयाचें नाहीं. स्वभाव जुळोत वा न जुळोत, एकाच खोलींत राहावयाचें आणि एकाच पातेल्यांतलें खावयाचें. आठवड्यांतून एक दिवस, बहुधा सोमवारीं, कपडे धुणें, बाजारहाट आणि घरीं पत्र लिहिणें. २०१९ च्या फेब्रुवारीपर्यंत घरच्यांशीं फोनवर बोलणें वर्षांतून दोनदांच, नाताळांत आणि मातृदिनीं, होत असे; तेव्हांपासून तें आठवड्यास एकदां करण्याची परवानगी आहे. दारू व तंबाखू यांप्रमाणेंच चहा आणि कॉफीही त्यांना वर्ज्य. जेथें पाहुण्यापुढें आधीं चहाचा पेला येतो, तेथें हें व्रत पाळणें म्हणजे दिवसांतून दहा वेळां हात जोडून क्षमा मागणें होय.

बाकीचा वेळ दारें ठोठावण्यांत जातो, आणि बहुतेक दारें उघडत नाहींत. अशा दिवसांत माणूस टिकतो कशावर? नेमामुळें टिकतो, असें आपण म्हणाल, आणि तें खरेंही आहे. परंतु आमच्या मतें त्याहून मोठें कारण निराळें आहे. तें समजण्यासाठीं आपणांस पॅसिफिक महासागरांतील हवाई बेटांकडे, आणि तींही पावणेदोनशें वर्षांपूर्वींचीं, वळावें लागेल.

१२ डिसेंबर १८५० रोजीं दहा मॉर्मन मिशनरी होनोलुलूच्या बंदरांत उतरले. कॅलिफोर्नियांत सोनें सांपडून तेव्हां पुरीं तीन वर्षेंही झालीं नव्हतीं, आणि हे लोक त्या सोन्याच्या खाणींतूनच उठून आले होते. गोऱ्या लोकांना उपदेश करावा अशी त्यांची प्रथम कल्पना होती. परंतु बेटांवर गोरे थोडे, आणि जे होते त्यांना ऐकण्याची इच्छा नव्हती. येथील लोकांची भाषा येत नाहीं, मग राहून करावयाचें काय, असा प्रश्न उभा राहिला. आणि कांहीं महिन्यांतच दहांपैकीं निम्मे परत गेले.

जे राहिले त्यांत लिव्हरपूल येथें जन्मलेला जॉर्ज कॅनन हा तरुण होता. तेव्हां तो तेवीस वर्षांचा होता व लवकरच त्याला चोवीस पुरीं होणार होतीं. एकटें राहावें लागलें तरी बेहत्तर, पण या लोकांची भाषा शिकून त्यांच्यांतच काम करीन, असा त्यानें निश्चय केला. माउई बेटावरील लाहैना गांवीं तो दोन सोबत्यांसह राहिला. जवळचे पैसे संपत आले, भाडें कसें द्यावें ही चिंता पडली. तेव्हां नालिमानुई नांवाच्या एका हवाईयन बाईनें आपलें राहतें घर त्यांना दिलें आणि स्वतः लहानशा झोंपडींत जाऊन राहिली. भाषा नीट कळत नाहीं, देशाची ओळख नाहीं, त्या तीन परक्यांसाठीं त्या बाईनें हें केलें.

पुढें अन्नाचा प्रश्न. तेथील मुख्य अन्न म्हणजे पोई. आपण ज्यांना अळकुड्या म्हणतों त्याच जातीचे मोठे कंद शिजवून, कुटून, पाणी घालून त्याचा लगदा करितात, आणि तो आंबवूनही खातात. कॅननला प्रथम त्याचा वासही सोसवेना. परंतु यजमानाच्या घरीं त्याच्यासाठीं निराळें शिजवावयास लावणें म्हणजे त्या गरिबांना त्रास देणें होय, हें त्याच्या ध्यानांत आलें. हें अन्न मला गोड लागो, अशी त्यानें देवाजवळ प्रार्थना केली आणि तें तो खाऊं लागला. पुढें त्याला तें आवडूंही लागलें. ही हकीकत त्यानें स्वतः लिहून ठेविली आहे. आम्हांस त्या प्रार्थनेचें मोठें कौतुक वाटतें. यजमानांनीं आपल्यासाठीं बदलावें असें त्यानें मागितलें नाहीं. आपली जीभ बदलावी असें मागितलें.

भाषाही तो असाच लोकांत बसून, ऐकून, बोलून शिकला. १८५१ च्या मार्चांत वायलुकू येथें त्याची गांठ जोनाथन नापेला या विद्वान हवाईयन न्यायाधीशाशीं पडली. नापेलानें त्याला आश्रय दिला, आणि पुढें मॉर्मन ग्रंथाचें हवाईयन भाषेंत भाषांतर करण्यास मोलाची मदत केली. कॅननानें लिहावें, नापेलानें वाचून त्याला काय बोध झाला तें सांगावें, आणि जेथें अर्थ बिघडला असेल तेथें पुन्हां लिहावें, असा क्रम चालला. तें पुस्तक १८५५ सालीं सॅन फ्रॅन्सिस्को येथें छापून निघालें.

याच सुमारास, १८५२ सालीं, ह्यू फिंडले नांवाचा मॉर्मन मिशनरी आपल्या मुंबईस आला होता व पुण्यासही राहिला होता. त्याचें व त्याच्या सोबत्यांचें बहुतेक काम इंग्रजी बोलणाऱ्या शिपायांत आणि युरोपियनांत झालें. थोड्याच वर्षांत तें मिशन मिटलें. त्या अपयशाचीं कारणें अनेक असतील. परंतु येथील चुलीपाशीं बसण्याचा योग त्यांना फारसा आला नाहीं, हें त्यांपैकीं एक असावें असें आम्हांस वाटतें. आपल्या भाषेंत ख्रिस्तपुराण रचणाऱ्या फादर स्टीफन्स यांचें स्मरण येथें कोणास होणार नाहीं?

आणखी एक गोष्ट सांगावयाची आहे. १८५४ सालीं जोसेफ एफ. स्मिथ हा पंधरा वर्षांचा मुलगा हवाईस पाठविला गेला. त्याच्या बापाला जमावानें १८४४ सालीं ठार मारिलें होतें आणि आई १८५२ सालीं वारली होती. बेटावर तो फार आजारी पडला. तेव्हां मानुहीई नांवाच्या हवाईयन बाईनें पोटच्या पोराप्रमाणें त्याची शुश्रूषा करून त्याला वांचविलें. हाच मुलगा १९०१ सालीं आपल्या पंथाचा प्रमुख झाला. उतारवयांत तो पुन्हां होनोलुलूस गेला असतां, स्वागतासाठीं जमलेल्या गर्दींत एक अतिवृद्ध आंधळी बाई कोणाच्या तरी हाताला धरून आली. हातांत थोडींशीं केळीं, आणि तोंडीं त्याचें हवाईयन नांव. ती मानुहीई होती. पंथाचा तो प्रमुख धांवत जाऊन तिच्या गळां पडला, आणि तिला आई म्हणून हाक मारूं लागला.

आतां नापेलाचें पुढें काय झालें तें ऐका, कारण येथें ही कथा आपल्या परिचयाच्या अंगणांत येते. त्याची पत्नी किटी हिला महारोग जडला. त्या काळीं अशा रोग्यांना मोलोकाई बेटावरील कालाउपापा येथें दूर नेऊन ठेवीत. नापेला निरोगी होता. परंतु पत्नीला एकटी न पाठवितां १८७३ सालीं तो तिच्याबरोबर गेला. त्याच वर्षीं त्याच वसाहतींत एक बेल्जियन धर्मगुरु सेवेस आले, ते आपले संत डेमियन. एक कॅथलिक, दुसरा मॉर्मन. तरी त्या दुःखाच्या जागीं दोघांचा स्नेह जडला. नापेलाला पुढें तोच रोग होऊन तो १८७९ सालीं वारला. किटीही त्याच वर्षीं गेली. फादर डेमियन यांनाही त्याच रोगानें १८८९ सालीं मरण आलें, आणि २००९ सालीं त्यांची संत म्हणून घोषणा झाली. ज्यानें एका परक्या तरुणाला घरांत घेतलें, तोच शेवटीं रोग्यांच्या वस्तींत आपल्या माणसाच्या उशाशीं बसला.

सज्जनहो, मिशनऱ्याचा नेम मोठा, त्याचा त्यागही मोठा. परंतु तो टिकला तो नालिमानुईच्या घरांत, नापेलाच्या ओसरीवर, मानुहीईच्या मांडीवर. हीं नांवें आज आपण उच्चारूं शकलों, कारण कोणीतरी तीं रोजनिशींत लिहून ठेविलीं.

आपल्या गांवांतही असें कोणाचें तरी घर असेल. पहिल्या धर्मगुरूंना पहिल्या रात्रीं भाकरी वाढणारी कोणी आजी, तापांत त्यांच्या कपाळीं ओलें फडकें ठेवणारा कोणी शेजारी, त्यांचे चुकलेले शब्द न हंसतां सुधारणारा कोणी शाळकरी मुलगा. त्यांच्या तसबिरी कोणीं काढल्या नाहींत. परंतु घरोघरच्या म्हाताऱ्या मंडळींना त्या गोष्टी अजून ठाऊक आहेत. तीं माणसें आहेत तोंवर त्यांच्यापाशीं बसा, विचारा, आणि नांवें लिहून घ्या. पुढल्या ज्युबिलीच्या पुस्तकांत धर्मगुरूंच्या यादीशेजारीं ही दुसरी यादीही छापली गेली, तर आजच्या सभेचें सार्थक झालें असें आम्ही समजूं.