'अपत्ये : शून्य' म्हणजे कोण?



"सर्वेक्षणात तू नेमकं करतोस तरी काय?" असं सकाळपासून तिघांनी विचारलं. म्हणून आज एकाच शब्दाविषयी बोलतो : अपत्यहीन.

आपल्या दोन्ही जिल्ह्यांचा इतिहास या शब्दाशी बांधलेला आहे. १८४८ साली साताऱ्याचे छत्रपती शहाजीराजे औरस पुत्राविना वारले. त्यांनी अखेरीस घेतलेलं दत्तक कंपनी सरकारनं नाकारलं आणि राज्य खालसा केलं. सत्तावन्नच्या उठावानंतर हे धोरण सुटलं. त्यामुळे १९०३ साली सांगलीची गादी दत्तक आलेल्या चिंतामणराव पटवर्धनांकडे गेली आणि संस्थान टिकलं. औरस वारस दोन्हीकडे नव्हता. फरक पडला तो सरकारच्या नियमानं.

आजचे नियम पाहा. २०११ च्या जनगणनेत 'किती मुलं झाली?' हा प्रश्न विवाहित, विधवा, घटस्फोटित आणि विभक्त स्त्रियांनाच होता. पुरुषांना नाही, अविवाहितांनाही नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १९९२-९३ साली लग्न झालेल्या स्त्रियांच्याच मुलाखती झाल्या. अविवाहित स्त्रिया आणि पुरुष आले २००५-०६ मध्ये. तेही स्त्रिया ४९ आणि पुरुष ५४ वर्षांपर्यंतचे. म्हणजे मूलबाळ नसलेल्यांचं म्हातारपण या मुलाखतींत येतच नाही.

शिवाय एका शून्यात किती तऱ्हेची माणसं! मूल हवं असून न झालेली, र. धों. कर्व्यांसारखी ठरवून मूल होऊ न दिलेली, लग्नच न केलेली, भाच्यांना वाढवणारी एखादी आत्या. आणि निराधार वृद्धांच्या पेन्शन योजनेचं नाव काय, तर 'श्रावणबाळ'!

मला आणि माझ्या पत्नीला मूल नाही. आम्ही सुखात आहोत. पण दवाखान्यात भरती होताना "मुलगा कुठाय? सही कोण करणार?" हे ऐकावं लागतंच.

या स्मरणिकेच्या माहितीपत्रकातही 'अपत्ये' असा रकाना होता. मी तिथं रेघ मारली. संपादक मंडळाला विनंती, पुढच्या वेळी 'घरी कोण कोण असतं?' असं विचारा. आणि आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक यादी करू : अडीअडचणीला सातारा-सांगलीच्या दवाखान्यात धावून येतील, रात्री उशाशी बसतील, अशांची. आपल्या गुरुजनांसाठीही ती लागेल.

पहिलं नाव माझं लिहा.