घंटागाडी किती वेळा यावी?

(संस्थेच्या वार्षिक पालक मेळाव्यात एका सहशिक्षकाने केलेल्या भाषणाचा मजकूर)



पालक मेळाव्यात शिक्षकाने मुलांच्या अभ्यासाबद्दल बोलावे, असा आपल्याकडे प्रघात आहे. मी कचऱ्याच्या गाडीबद्दल बोलणार आहे असे मुख्याध्यापक साहेबांना सांगितले, तेव्हा ते थोडे हसले. पण माझा विषयही मुळात अभ्यासाचाच आहे. तो कसा, ते ऐका.

मी नववीचा वर्गशिक्षक. शाळा साडेदहाला भरते आणि पहिला तास गणिताचा असतो. गेल्या पावसाळ्यानंतर माझ्या हजेरीपत्रकात उशिरा येणाऱ्यांच्या नावापुढे खुणा वाढू लागल्या. सात मुली आलटून पालटून उशिरा येत. त्यातली एक तर गणितात वर्गात पहिल्या तिघांत असणारी. शिस्त म्हणून मी तिला तीन आठवडे दाराबाहेर उभी केली. कारण विचारण्याचे मला सुचले नाही, याची आज लाज वाटते. घटक चाचणीत ती गणितात नापास झाली, तेव्हा मी विचारले. ती खाली मान घालून म्हणाली, “सर, गाडी आली नव्हती.”

कसली गाडी? घंटागाडी! वडील आखातात, आई पहाटेच कामाला जाते, मोठा भाऊ कॉलेजला. गाडी कधी साडेनऊला येते, कधी साडेअकराला. कचरा घरात ठेवला तर दादी रागावते, बाहेर ठेवला तर कुत्री फाडतात. म्हणून घरातली मुलगी बादली घेऊन दारात उभी. बाकीच्या सहाजणींकडे चौकशी केली, तर थोड्याफार फरकाने तीच हकीकत. कचऱ्यापायी उशिरा आलेला मुलगा मात्र मला वर्षभरात एकही सापडला नाही. पालकहो, याचा विचार तुम्ही घरी गेल्यावर करा. मी पुढे जातो.

तेव्हापासून मी या प्रश्नाच्या मागे लागलो. मोहल्ल्यात विचारले तर नाना मते. एक चाचा म्हणाले, गाडी दिवसातून दोनदा आली पाहिजे, घरपट्टी कशाला भरतो? दुसरे म्हणाले, त्यांचा भाचा इंग्लंडात आहे, तिथे कचऱ्याची गाडी पंधरा दिवसांनी येते, मग आपल्याला रोज कशाला हवी?

दुसऱ्या चाचांचे म्हणणे खोटे नाही. इंग्लंडातील पुष्कळ ठिकाणी उरलासुरला कचरा पंधरा दिवसांतून एकदा नेतात. वेल्समधील कॉनवी येथे तर 2018 पासून तो चार आठवड्यांनी नेतात. पण भाचा एक गोष्ट सांगायला विसरला असावा. त्याच कॉनवीत उष्ट्या-खरकट्याचा वेगळा झाकणाचा डबा असतो, आणि तो दर आठवड्याला नेतात. शिवाय तिथली हवा थंड. आपल्याकडे मे महिन्यात कोळंबीची साले सकाळी टाकली, तर संध्याकाळी शेजारी विचारायला येतो!

खरी मेख इथेच आहे. कचरा किती दिवसांनी न्यावा हे ठरते बादलीत काय आहे आणि बाहेर ऊन किती आहे यावर. विज्ञानाच्या पुस्तकात माशीचे जीवनचक्र असते, ते मुलांना पाठ आहे. माशी एका वेळी शंभर-सव्वाशे अंडी घालते. उकाड्यात ती एका दिवसात फुटतात. अळ्या चार-पाच दिवस त्याच घाणीत खातात, मग कोरडी जागा शोधून कोष करतात, आणि साधारण आठ-दहा दिवसांत नवी माशी उडते. म्हणजे तीन दिवसांच्या आत कचरा हलला, तर अळ्या त्याच्याबरोबरच जातात. माशीपुरते पाहिले तर आठवड्यातून दोनदा गाडी पुरे. पण आपल्याकडे माशीखेरीज वास आहे, बादलीतून गळणारे पाणी आहे, कावळे, कुत्री, मांजरे, उंदीर आहेत, आणि दोन खोल्यांत सहा माणसे आहेत. तीन दिवसांचे खवले कोण सांभाळील? म्हणून ओला कचरा रोज गेला पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

सुका कचरा मात्र रोज नेण्याचे काही कारण नाही. दुधाची पिशवी विसळून वाळवली, बिस्किटाची वेष्टने, कागद, बाटल्या एका गोणीत भरल्या, तर आठवडाभर कोणाला त्रास नाही. आठवड्याहून जास्त मात्र थांबू नये. त्यातही कारण आहे. डेंग्यूचा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि साधारण आठ-दहा दिवसांत नवा डास तयार होतो. पागोळीखाली पडलेली करवंटी, फुटका डबा, जुना टायर यांत पावसाळ्यात पाणी साठतेच. आठवड्याला गाडी आली तर आपण डासाच्या जेमतेम एक-दोन दिवस पुढे राहतो.

आता थोडे गणित. शाळेचा मेळावा आहे, गणिताशिवाय कसे सोडू? समजा, एका प्रभागात 1000 घरे आहेत, घरटी 5 माणसे, आणि माणशी रोज 300 ग्रॅम कचरा. म्हणजे दिवसाला 1500 किलो. आपल्याकडच्या घरगुती कचऱ्यात साधारण निम्मा किंवा त्याहून अधिक ओलाच असतो. गाडी प्रत्येक दारात फक्त अर्धा मिनिट थांबली, तरी 1000 घरांना 500 मिनिटे लागतात, म्हणजे 8 तास 20 मिनिटे. दोन गाड्या लावल्या तर 4 तास 10 मिनिटे. सातला निघालेली गाडी शेवटच्या घरी 11 वाजून 10 मिनिटांनी पोहोचणार. शेवटच्या घरातली मुलगी शाळेत केव्हा पोहोचणार, हे तुम्हीच ठरवा. यात ड्रायव्हरचा दोष काय?

त्याऐवजी वीस-वीस घरांनी गल्लीच्या तोंडाशी ठरल्या वेळी बादल्या आणल्या, आणि गाडी तिथे 5 मिनिटे थांबली, तर 50 थांबे होतात, एकूण 250 मिनिटे. दोन गाड्यांना वाटून प्रत्येकी 2 तास 5 मिनिटे. सातला निघालेली गाडी नऊच्या सुमारास मोकळी! सुका कचरा रोजच्या फेरीत नसल्याने गाडीही लवकर भरत नाही. गाड्या त्याच, माणसे तीच. म्हातारी माणसे किंवा आजारी असतील त्या घरांची बादली शेजाऱ्याने न्यावी. एवढा शेजारधर्म आपल्यात अजून शिल्लक आहे.

कायदा काय म्हणतो, तेही पाहिले. आपल्या नगरपरिषदा 1965 च्या कायद्याने चालतात आणि साफसफाई हे त्यांचे आवश्यक कर्तव्य आहे, मेहेरबानी नव्हे. घनकचऱ्याचे पहिले देशव्यापी नियम 2000 साली आले. त्यांत घरोघरचा कचरा नियमित, आधी कळवलेल्या वेळी, घंटा वाजवून गोळा करावा असे लिहिले होते. ‘आधी कळवलेल्या वेळी’ हे शब्द लक्षात ठेवा. 2016 च्या नियमांनी घरातच ओला, सुका आणि घातक कचरा वेगळा करण्याची जबाबदारी तुमच्या-माझ्यावर टाकली. आपण कायद्याचा पहिला भाग मोठ्याने म्हणतो आणि दुसरा विसरतो. एकत्र कालवलेला कचरा दिवसातून दोनदा नेला तरी तो डेपोवर जाऊन नुसता कुजणार. त्यातला कागद भंगारवालाही घेत नाही आणि ओल्याचे खतही होत नाही.

ज्या गावांनी हे केले, ती आपल्याहून श्रीमंत होती असे नाही. शेजारच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातील वेंगुर्ले घ्या. घरातूनच कचरा वेगळा घेण्यास त्या छोट्या नगरपरिषदेने सुरुवात केली, ओल्यापासून गॅस केला, आणि जुन्या कचरा डेपोच्या जागी आज लोक सहलीला जातात. पुण्यात कचरावेचक बायकांनीच ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था उभी केली, आणि 2008 पासून त्या महापालिकेशी करार करून घरोघर जाऊन कचरा घेऊ लागल्या. सुरतेत 1994 साली प्लेगची साथ आली आणि लोक शहर सोडून पळाले. 1995 मध्ये एस. आर. राव आयुक्त म्हणून आले. त्यांनी अधिकाऱ्यांना रोज सकाळी रस्त्यावर उतरवले. दोनेक वर्षांत त्या शहराचे नाव स्वच्छतेसाठी घेतले जाऊ लागले. आणि केरळातील आलप्पुळा! 2012 साली डेपोजवळच्या गावकऱ्यांनी गाड्या अडवल्या, तेव्हा तिथल्या लोकांनी ओला कचरा घरीच जिरवायला घेतला. ज्याच्या परसात ओला कचरा जिरतो, त्याला ओल्यासाठी गाडीची वाट पाहावीच लागत नाही.

आपल्या आज्यांना हे कोणी शिकवले नव्हते. माझी दादी मासे धुतलेले पाणी आणि खवले माडाच्या आळ्यात टाकी आणि वरून राख-माती लोटी. पाटावर बसून मासे साफ करताना तिने टाकाऊ म्हणून बाजूला ठेवलेले मांजराच्या तरी पोटात जाई, नाहीतर माडाच्या. घंटागाडी तेव्हा नव्हती आणि तिची गरजही नव्हती. आता परस गेले, माड तुटले, तिथे चार मजली इमारत झाली. मी स्वतः तिसऱ्या मजल्यावर राहतो. माझ्याकडे माड नाही; गॅलरीत एक कढीपत्ता आहे, तो किती खवले खाणार?

खोटे कशाला बोलू, दोन वर्षांपूर्वी गाडी सलग तीन दिवस आली नाही, तेव्हा स्कूटरवर पिशवी अडकवून शाळेला येताना मी ती पऱ्याच्या कडेला ठेवली. ठेवली म्हणतो, टाकली म्हणायला जीभ रेटत नाही. माझ्याआधी तिथे पंचवीस पिशव्या होत्या. गाडी केव्हा येईल याचा भरवसा गेला की पऱ्या भरतो, आणि आषाढात तेच पाणी मोहल्ल्यात शिरते. रोज येणारी पण बेभरवशाची गाडी, आणि दिवसाआड येणारी पण घड्याळाप्रमाणे येणारी गाडी, यांतली एक निवडायची वेळ आली तर मी दुसरी निवडीन.

आपल्या सणांचाही विचार केला पाहिजे. रमजानमध्ये सहरी आणि फजर झाल्यावर घरे झोपतात, आणि नेमकी सातला गाडी येऊन जाते. इफ्तारची कलिंगडाची साले, शहाळी मग दिवसभर दारात. त्या महिन्यापुरती फेरी तासाभराने उशिरा ठेवा, अशी विनंती आपण कधी केली आहे काय? बकरी ईदचे तर विचारूच नका. मोठ्या शहरांतील महानगरपालिका त्या दिवसांत कुर्बानीच्या अवशेषांसाठी खास गाड्या ठेवतात. आपल्याकडे दरवर्षी ईदच्या दुसऱ्या दिवशी ओरड होते, शेजारचे लोक नाक मुरडतात आणि आपण नगरपरिषदेला नावे ठेवतो. जिल्हजचा चाँद ईदच्या दहा दिवस आधी दिसतो. अर्ज द्यायला दहा दिवस कमी पडतात का? जुम्याला तहारतीचे बयान ऐकून घरी येतो, तेव्हा ही आतडी कुठे जाणार याचाही विचार त्यातच यावा. शेजारच्या आळीत गणपतीत निर्माल्यासाठी वेगळी गाडी येते, कारण तिथले लोक महिनाभर आधी जाऊन बसतात.

गाडीवरच्या माणसाबद्दलही दोन शब्द. त्याच्या हातात पुष्कळदा मोजे नसतात. दाढीचे पाते, फुटलेली काच, बाळाचे डायपर आणि तत्सम वस्तू कागदात गुंडाळून वेगळ्या द्याव्यात. आठवड्याची सुट्टी त्यालाही लागते. त्या दिवशी बदली माणूस द्या असे आपण सांगावे, त्याची सुट्टी खाऊ नये. गाडी उशिरा आली म्हणून माझ्यासमोर एका गृहस्थांनी त्याला जे शब्द ऐकवले, ते मी विद्यार्थ्यांपुढे उच्चारू शकत नाही. त्यांचा मुलगा आमच्याच शाळेत आहे, आणि तो तिथे उभा होता.

या सर्वांवरून आम्ही शिक्षकांनी एक अर्ज तयार केला आहे. ओला कचरा रोज, सकाळी साडेनऊच्या आत, ठरलेल्या थांब्यावर. सुका आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी. थांब्यांच्या वेळा पाटीवर लिहाव्यात आणि गाडी येणार नसेल तर आदल्या रात्री मोहल्ल्याच्या मोबाईल ग्रुपवर कळवावे. रमजानची वेळ आणि ईदच्या तीन दिवसांची जादा फेरी वेगळ्या परिच्छेदात घातली आहे. अर्जाच्या खाली आपल्या बाजूचे वचनही लिहिले आहे, की आम्ही दोन बादल्या ठेवू आणि पऱ्यात काही टाकणार नाही. ज्यांना ते वचन जड वाटेल, त्यांनी कृपया सही करू नये.

अर्ज दाराजवळच्या टेबलावर आहे. सहीसाठी पेन घेऊन जी मुलगी बसली आहे, तिला आता गणिताच्या तासाला दाराबाहेर उभे करत नाही. पहिल्या तासाचे राहिलेले भाग आमचे गणिताचे सर तिला मधल्या सुट्टीत शिकवतात. अजून दोन प्रकरणे बाकी आहेत. सही करताना तिला आपल्या घराचा नंबर आणि जवळच्या गल्लीचे नाव सांगा, म्हणजे थांबे कुठे असावेत ते तिला नकाशावर मांडता येईल. खुदा हाफिज.