टेबलावरचा तांब्या
(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनातील भाषण)



समितीने मला बँकेतल्या आठवणी सांगायला सांगितलं होतं. त्या बहुतेकांनी लिफ्टमध्येच ऐकल्या आहेत. म्हणून आज वस्तुचित्राविषयी बोलतो.

१९६४ साली साताऱ्यात मी एलिमेंटरी ड्रॉइंगच्या परीक्षेची तयारी करत होतो. तुमच्यापैकीही पुष्कळजण त्या परीक्षेला बसले असतील. टेबलावर तांब्या, फुलपात्र, दोन वांगी. मी तांब्याचं तोंड वाटोळं काढलं. सर म्हणाले, "तांब्या गोल आहे हे तुला ठाऊक आहे, म्हणून तू गोल काढलास. दिसतो तसा काढ." बाजूने पाहिलं की ते तोंड लंबगोल दिसतं, हे कळायला मला आठवडा लागला.

त्याच वर्षी शाळेची सहल औंधला गेली. भवानराव पंतप्रतिनिधींनी १९३८ साली उभारलेल्या श्री भवानी संग्रहालयात रविवर्म्याची चित्रं आहेत. बाकीची मुलं चित्रांतली माणसं पाहत होती, मी दागिन्यांवर पडलेला उजेड.

पुढे सांगलीला बदली झाली. बँकेत वस्तूंची किंमत करण्यातच आयुष्य गेलं. सोनेतारणाला आलेल्या पाटलीचं वजन, कस, रक्कम एवढंच लिहायचं. ती कुणाच्या हातातून उतरली, त्याला अर्जात रकाना नव्हता.

चित्रकाराकडे तो रकाना असतो. के. एच. आरा मुंबईत घरकाम करत, मोटारी धुवत वाढले. १९४७ च्या प्रोग्रेसिव्ह ग्रुपमध्ये सूझा, रझा, हुसेन यांच्याबरोबर तेही होते. त्यांची ओळख राहिली ती फुलदाण्या आणि फळांच्या चित्रांमुळे. तिकडे फ्रान्समध्ये सेझान वर्षानुवर्षं सफरचंदं रंगवत राहिला. बाजारात त्यांना कितीसा भाव असणार!

ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. गावभागात माझ्या आक्काच्या घरात पाणी शिरलं. ओसरल्यावर टीव्ही, गाद्या, कपाट सगळं रस्त्यावर आलं आणि पंचनाम्यात लिहिलं गेलं. आक्का मात्र चिखलात हात घालून आईचा तांब्या शोधत होती. सापडला, पण काठाला पोचा आलेला. चिंचेने घासून तिने तो खिडकीत ठेवला. इतक्या वर्षांनी मी पेन्सिल हातात घेतली. दोन तास लागले. चित्र पाहून आक्का म्हणाली, "पोचा काढलास ते बरं केलंस. नाहीतर कुणाचाही तांब्या झाला असता."

गेल्या वर्षी आक्का गेली. तांब्या तिच्या सुनेच्या घरात रोजच्या वापरात आहे, चित्र माझ्याकडे आहे.

येत्या रविवारी चार वाजता क्लबहाउसमध्ये मी एक टेबल मांडणार आहे. प्रत्येक घरातून एकेक जुनी वस्तू आणा. चित्र येत नसलं तरी चालेल, नुसतं बसून पाहू. किंमत कुणी विचारणार नाही, हा निवृत्त बँकवाल्याचा शब्द.