ओल्या मुलखातलं कोरडं इंधन

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी मला ‘तुझ्या गोळ्यांच्या कारखान्याबद्दल बोल’ असं सांगितलं. या नावामुळे एक आजोबा गुडघेदुखीवर काही मिळेल का, म्हणून विचारायला आले होते. तेव्हा आधीच सांगतो, या गोळ्या घ्यायच्या नाहीत, जाळायच्या आहेत. लाकडाच्या भुशापासून दाबून केलेल्या, बोटाच्या पेराएवढ्या कांड्या. बाजारात त्यांना पेलेट म्हणतात.

जून २०२० मध्ये निसर्ग वादळ आलं तेव्हा मी लॉकडाऊनमुळे मुंबईहून गुहागरला घरी आलो होतो. वाडीतल्या पोफळी आडव्या झाल्या, एक जुना रायवळ आंबा पडला. एवढ्या लाकडाला गिऱ्हाईक कुठून आणणार? मोबाईलवर पेलेटच्या छोट्या यंत्राची चित्रफीत पाहिली. एका बाजूने पालापाचोळा, दुसऱ्या बाजूने इंधन! परत मुंबईला जायचं नाही, असं ठरवून टाकलं. बायकोच्या पाटल्या गहाण पडल्या आणि वीस अश्वशक्तीचं यंत्र मांगरात येऊन बसलं.

यंत्र तसं साधं आहे. आधी लाकडाचे तुकडे भरडून भुसा करायचा. मग तो एका जाड पोलादी चकतीवर पडतो. या चकतीला डाय म्हणतात. तिला आठ मिलिमीटरची भोकं असतात आणि वर फिरणारे रोलर भुसा त्या भोकांतून दाबून खाली काढतात. लाकडात लिग्निन नावाचं द्रव्य असतं. दाबाने आणि घर्षणाने माल तापला की ते मऊ होतं, कण एकमेकांना चिकटतात आणि निवल्यावर कांडी टणक होते. वेगळा डिंक लागत नाही. भुशाचं आकारमान तीन-चार पटींनी कमी होतं, म्हणून ठेवणं आणि नेणं परवडतं.

चित्रफितीत एक गोष्ट नव्हती, ती म्हणजे ओल. भुशात पाणी साधारण दहा ते पंधरा टक्केच लागतं. जास्त झालं तर वाफ होऊन कांडी फुटते, फार कमी झालं तर डाय तुंबते. ओल्या लाकडात निम्मं वजन पाण्याचं. विक्रेत्याने ताशी दोनशे किलो सांगितले होते, माझे सत्तरसुद्धा निघेनात. उरलेला वेळ डायची भोकं टोकरण्यात जायचा. तरीही उन्हाळाभर राबून गोणपाटाच्या पोत्यांची थप्पी लावली. आषाढात पोतं उघडलं तर आत पुन्हा भुसा! आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. कांड्यांनी हवेतली ओल पिऊन जीव सोडला होता. त्या रात्री मी जेवलो नाही. यंत्र विकून टाकावं, एवढंच डोक्यात होतं.

सर, तुम्ही समोर बसला आहात म्हणून सांगतो. नववीत तुम्ही आम्हांला मूठभर पाला तोलायला लावलात, आठ दिवस वाळवलात आणि पुन्हा तोलायला लावलात. आम्ही हसत होतो. या वयात तो प्रयोग मी पुन्हा केला. घरचा तराजू आणि एक कढई. चार वेळा तोलून ओल काढायला शिकलो, आणि मग धंदा सुरू झाला.

आता काम फक्त मार्गशीर्ष ते वैशाख. माल कातळावर पसरतो. मार्च-एप्रिलचा कातळ म्हणजे फुकटची भट्टी. तयार माल जाड प्लॅस्टिकच्या पिशव्यांत भरून फळ्यांवर ठेवतो. आंब्याची खोकी करणाऱ्यांकडची छाट आणि लाकूडगिरणीचा भुसा उत्तम चालतो. पेंढ्याने राख जास्त होते आणि डाय झिजते. काजूची टरफलं एकदा मिसळली. त्यांच्या तेलाचा धूर डोळ्यांना असा झोंबला की खाणावळवाल्याने माल परत पाठवला, आणि ते योग्यच केलं.

आईने तर पहिल्या गोळ्या नेहमीच्या चुलीत ओतल्या आणि घर धुराने भरलं. कांड्या दाटून बसतात, हवा खेळत नाही. त्यांना खालून वारा देणारी शेगडीच लागते. आता तिच्याकडे छोट्या पंख्याची शेगडी आहे. हिशोब असा, की साधारण तीन किलो गोळ्यांची उष्णता एक किलो गॅसएवढी. आज माझे गिऱ्हाईक दोन खाणावळी आणि कोकम-फणसाचं काम करणारी आपल्याच वर्गातली एक मैत्रीण.

मोठ्या बाजाराचा मोह मलाही झाला. ऑक्टोबर २०२१ मध्ये केंद्र सरकारने कोळशावरच्या वीजकेंद्रांत साधारण पाच टक्के पेलेट मिसळण्याचं धोरण आणलं, मागणी वाढली. पण पुण्याच्या ‘ऊर्जा’ शेगडीची गोष्ट मी विसरत नाही. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या मदतीने झालेली ती चांगली शेगडी लाखो घरांत गेली. पुढे पेलेट महागले आणि अनेक घरांत ती नुसती पडून राहिली. म्हणून माझा नियम ठरलेला आहे. माल आणायचा जवळून, विकायचाही जवळ. घाट चढून गेलेल्या पोत्यात नफा उरत नाही.

शेवटी एक विनंती. तुमच्या वाडीतली छाटलेली फांदी, मोडकं खोकं मला जरूर द्या. पण झाडाखालचा पातेरा देऊ नका. आपल्या जांभ्या मातीचं ते जेवण आहे, त्यावर माझा हक्क नाही.

पाटल्या सोडवायला तीन वर्षं लागली. आज ती त्या घालून आली आहे, मागच्या रांगेत बसली आहे. जेवणानंतर ज्यांना यंत्र पाहायचं असेल त्यांनी मांगरात यावं. सर, तराजू तिथेच आहे.