नेपिअरच्या मागची कोरी जागा

आज एकच चित्र. मोबाईलवर शोधा आणि समोर ठेवून ऐका: लॉर्ड नेपिअर ऑफ मॅग्डाला, 'व्हॅनिटी फेअर', १८७८.

चित्रकार 'स्पाय', म्हणजे लेस्ली वॉर्ड. 'व्हॅनिटी फेअर' हे लंडनचं साप्ताहिक, बड्या माणसांची रंगीत अर्कचित्रं छापायचं. त्यात झळकणं मानाचं समजलं जाई. चिमटा असायचा, पण गालगुच्च्यासारखा! या मालिकेत माणूस बहुतेक वेळा एकटा उभा असतो, मागे जवळजवळ काही नाही. मला त्या कोऱ्या जागेबद्दलच बोलायचंय.

नेपिअर मूळचा बंगाल इंजिनिअर्सचा. दार्जिलिंगची आखणी त्यानं केली. पुढे तो मुंबई फौजेचा सरसेनापती झाला. अबिसिनियाच्या, म्हणजे आजच्या इथिओपियाच्या, सम्राट टेवोड्रोसनं व्हिक्टोरिया राणीला पत्र पाठवलं होतं. उत्तर आलं नाही, म्हणून त्यानं ब्रिटिश कॉन्सलसकट बरेच युरोपियन डांबून ठेवले. त्यांना सोडवायला निघालेल्या मोहिमेची तयारी झाली आपल्या मुंबईत.

आणि ती तयारी तरी किती! सुमारे १३,००० सैनिक, २६,००० नोकर-चाकर, ४०,००० च्या वर जनावरं, त्यात तोफा वाहायला ४४ हत्ती. हत्ती चक्क जहाजातून! झुला नावाच्या किनाऱ्यावर (नाव खरंच झुला) धक्का बांधला, रेल्वे टाकली, मग डोंगरातून सुमारे ४०० मैल वाट काढत मॅग्डाला किल्ला गाठला. आज खडकीत असलेलं बॉम्बे सॅपर्स या मोहिमेत होतं. लढाई थोडी, बांधकामच जास्त. त्या बांधकामावर घाम गाळणारे हजारो हात इथले होते, पण 'ऑफ मॅग्डाला' हा किताब एकालाच मिळाला.

१३ एप्रिल १८६८ ला किल्ला पडला. टेवोड्रोसनं स्वतःवर पिस्तूल झाडलं. ते राणीनंच भेट दिलेलं होतं. मग लूट झाली. हस्तलिखितं, मुकुट, चर्चमधल्या पवित्र वस्तू. वाहून न्यायला १५ हत्ती आणि जवळपास २०० खेचरं लागली. त्यातलं बरंच आजही लंडनच्या संग्रहालयांत आहे.

टेवोड्रोसचा सात वर्षांचा मुलगा आलेमायेहू, त्यालाही इंग्लंडला नेलं. हे चित्र छापून आलं तेव्हा तो तिथेच होता. पुढच्याच वर्षी, १८७९ मध्ये, अठराव्या वर्षी तो गेला. विंडसरला पुरलाय. इथिओपिया त्याचे अवशेष परत मागतोय. २०२३ मध्ये राजवाड्यानं पुन्हा नकार दिला.